आरसीबीएसचा रॉक चकर किट : घ्या, पण खोक्यात काय नाही ते आधी बघा

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. घरी काडतुसं भरायला, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू (बंदुकीची, प्यायची नव्हे) आणि गोळी बसवायला, नव्यानं सुरुवात करणार असाल, तर आरसीबीएस कंपनीचा 'रॉक चकर सुप्रीम मास्टर किट' घ्या. प्रेस (पुंगळ्या दाबायचं हँडलचं यंत्र) दणकट आहे, तराजू खरा आहे, आणि काम इतकं सावकाश होतं की चूक झाली तर ती हातातच सापडते. फक्त किट आला म्हणजे सामान पूर्ण झालं असं समजू नका. पहिल्या दिवशी खोकं उघडून बसाल आणि एकही काडतूस भरता येणार नाही. ते का, ते पुढे सांगते.

कायद्याचं आधी उरकून टाकते, कारण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. आम्ही अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला परवाना लागत नाही. विकायला भरायची असतील तर मात्र केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, आणि मित्राला 'खर्चाचे पैसे दे' म्हणून डबा देणं हेही मी करत नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असाल तर थांबा. त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. मी आणि नवरा, दोघंही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत गप्प बसलो होतो. आणि भारतात हा उद्योग करायचा विचार मनात आणू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे.

मी मूळची खडकीची. बाबांनी सगळी नोकरी अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत काढली. कारखाना १८६९ सालचा, आणि आमच्या लहानपणी घरातली घड्याळं त्याच्या भोंग्यावर लावली जायची. त्यामुळे मी फोनवर सांगितलं, "बाबा, आम्ही तळघरात काडतुसं भरतो," तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, "अगं, आम्हाला गेटवर काडेपेटी काढून ठेवावी लागायची, आणि तू घरात भरतेस? शेजारी हीटर नाही ना?" हीटर नाही. घर तापवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, तळघराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे आहे. हा प्रश्न मात्र किटच्या कुठल्याही जाहिरातीत येत नाही. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या सर्वसाधारण नियमात घरात ठेवायची मर्यादा बिनधुराची दारू २० पौंड, तीही मूळ डब्यात, आणि प्राइमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, दारू पेटवणारी टिकली) १०,००० अशी आहे. तुमच्या गावचा नियम याहून कडक असू शकतो. भाड्याच्या घरात असाल तर करार वाचा.

आता वस्तूकडे येते. आरसीबीएस ही मूळची कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलची कंपनी. फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसानं १९४३मध्ये ती सुरू केली, म्हणजे माल चांगला ऐंशी वर्षं मुरलेला आहे. प्रेस बिडाचा, उचलायलाच दोन माणसं लागतील असं वाटतं. आमच्या टेबलाची फळी आधी पातळ होती. हँडल दाबलं की प्रेसऐवजी टेबलच वर यायचं. त्याला जाड लाकडाचा पाट खालून लावून बोल्ट पार घातले, तेव्हा कुठे ते जागेवर बसलं. भिंतीला न टेकलेल्या टेबलावर हा प्रेस बसवू नका. वरच्या भोकाचे आटे सात-अष्टमांश इंची, इंचाला चौदा, हे या धंद्यातलं ठरलेलं माप. त्यामुळे ली, हॉर्नाडी, रेडिंग, कोणत्याही कंपनीचे डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारे साचे, बसतात. इथे कंपनीला बांधून घेण्याचा प्रकार नाही, हे मला फार आवडलं.

किटात प्रेसबरोबर तराजू, दारू मोजायचं यंत्र, हातानं प्राइमर बसवायचं साधन, पुंगळ्या उभ्या ठेवायचा ठोकळा, नरसाळं, पुंगळीचं तोंड साफ करायचं हत्यार, वंगणाचं सामान आणि एक जाडजूड मॅन्युअल मिळतं. डाय मिळत नाहीत. शेल होल्डरही नाही, म्हणजे पुंगळी प्रेसमध्ये पकडणार कशात हाच प्रश्न. लांबी मोजायचा कॅलिपर नाही, पुंगळीची लांबी कापायचं यंत्र नाही, घासून चकचकीत करायचा टंबलर नाही, आणि चुकीचं भरलेलं काडतूस सोडवायचा हातोडाही नाही. कंपनी हे लपवत नाही. डाय प्रत्येक कॅलिबरचे, म्हणजे काडतुसाच्या मापाचे, वेगळे असतात, ते ती कसे देणार? पण दुकानात 'सगळं यात आहे' असं ऐकून माणूस घरी येतो. किटच्या किमतीच्या निम्मे पैसे वरच्या सामानाला बाजूला काढा.

आम्ही दोन कॅलिबर भरतो. माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी .३८ स्पेशल आणि नवऱ्याच्या रायफलसाठी .३०८. दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकावर शिकलेलं दुसऱ्यावर चालत नाही. .३८ची पुंगळी सरळ नळी. कार्बाइडचा डाय घेतला तर वंगणसुद्धा लागत नाही. .३०८ला खांदा आणि मान आहे, आणि तिथे वंगणाशिवाय डायमध्ये पुंगळी घातली की ती आतच राहते.

ती राहिली. नवऱ्यानं मॅन्युअलमध्ये वाचलं होतं की वंगण जास्त झालं तर खांद्यावर खड्डे पडतात. म्हणून त्यानं बोट फिरवल्यासारखं केलं आणि हँडल दाबलं. खाली जाताना थोडं कर्रर्र झालं, वर येताना प्रेसनं पुंगळीची कड ओरबाडून काढली आणि धड डायमध्येच राहिलं. हा प्रेस दुहेरी तरफेचा असल्यानं ताकद अफाट लावतो. हँडलवर बसणारा माणूस पुढे काय होणार ते ओळखतच नाही. मग अडकलेली पुंगळी काढायचा वेगळा संच मागवला. पुंगळीच्या बुडाला भोक पाडायचं, टॅपनं आटे काढायचे आणि स्क्रूनं ओढायचं. डाय वाचला. त्यानंतर साहेबांनी वंगण इतकं लावलं की पुंगळ्यांच्या खांद्यांवर खरोखरच खळगे पडले. खळगे रायफलमध्ये उडवले की बऱ्याचदा सपाट होतात, पण दोन्ही टोकं गाठून मगच मधला रस्ता सापडणं हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. किटमधलं वंगणाचं पॅड चांगलं आहे. पुंगळी त्यावर एकदा लोळवायची, मानेच्या आत बारीक ब्रश फिरवायचा, खांद्याला हात लावायचा नाही.

.३०८चं आणखी एक. पुंगळी प्रत्येक वेळी उडवली आणि डायमधून काढली की थोडी लांब होते. जास्तीत जास्त लांबी २.०१५ इंच. त्याहून वाढली तर तोंड रायफलच्या गळ्यात घुसून गोळीला आवळून धरतं आणि दाब नको तिथे चढतो. किटात कापायचं यंत्र नाही म्हणून ही पायरी टाळणारे लोक मी पाहिलेत. .३८वर टाळली तर फार तर क्रिंप, म्हणजे गोळीवर दाबलेली पुंगळीची कड, वाकडी येईल. .३०८वर हा खेळ नको.

आता तराजूबद्दल, कारण मला विचाराल तर किटात पैसे वसूल होतात ते इथे. हा दांडीचा तराजू आहे, वीज लागत नाही, ५०५ ग्रेनपर्यंत मोजतो आणि ग्रेनच्या दशांशापर्यंत दाखवतो. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, पौंडात ७,००० ग्रेन. आमच्या लक्ष्मी रोडच्या सोनाराचा जुना काचेच्या पेटीतला काटा आठवेल इतका तो वाऱ्याला घाबरतो. वरच्या झडपेतून एसी सुरू झाला की दांडी नाचायला लागते. आम्ही ती झडप पुठ्ठ्यानं बंद केली. याआधी नवऱ्यानं ऑनलाइन एक स्वस्त इलेक्ट्रॉनिक तराजू मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही. तोच वजनाचा ठोकळा दर वेळी वेगळा आकडा दाखवायचा, आणि ट्यूबलाइट लावली की आणखीच वेगळा. त्याच्यावर आता मी मसाल्यांचं वजन करते. दांडीच्या तराजूला मोबाइल जवळ ठेवला काय, नाही काय, फरक पडत नाही. बसण्याआधी शून्य करायचा आणि माहीत असलेल्या वजनानं तपासायचा, एवढंच.

दारूचे आकडे मी इथे लिहिणार नाही आणि तुम्हीही कोणी लिहिलेले मानू नका. ज्या दारूचा डबा समोर आहे त्याच कंपनीच्या ताज्या तक्त्यातून घ्यायचे, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून करायची. किटातलं मॅन्युअल त्यासाठी चांगलं आहे, पण एका पुस्तकावर थांबू नका. दारूच्या कंपन्या स्वतःचे तक्ते फुकट देतात.

दारू मोजायचं यंत्र फिरणाऱ्या नळकांड्याचं आहे. बारीक गोल दाण्यांची दारू त्यातून पाण्यासारखी पडते. लांबट दाण्यांची असेल तर नळकांडं फिरवताना दाणे कचकच कापले जातात. हाताला ते कळतं. कधी नळीत दाणे अडकतात. मग एका पुंगळीत कमी पडतं आणि अडकलेलं पुढच्या पुंगळीत सगळं एकदम उतरतं. म्हणून .३०८साठी मी यंत्रानं थोडं कमी टाकते आणि उरलेलं चिमटीनं तराजूवरच पूर्ण करते. वेळ जातो. जाऊ दे.

खरी भीती .३८मध्ये आहे आणि ती कुठलंही किट घालवू शकत नाही. हे काडतूस १८९८च्या सुमारास आलं, काळ्या दारूच्या हिशोबानं. काळी दारू जागा खाते, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची जलद जळणारी पिस्तुलाची दारू इतकी थोडी लागते की पुंगळी अर्धीही भरत नाही. म्हणजे चुकून दोनदा टाकली तरी बाहेर सांडत नाही, वरून बघितलं नाही तर कळत नाही. आणि एकदाही टाकली नाही तरी हातात काडतूस तसंच दिसतं. दोनदा टाकली तर रिव्हॉल्व्हरचं चाक फुटू शकतं. नाहीच टाकली तर नुसता प्राइमर गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन सोडतो, आणि तिच्यामागून दुसरी मारली की नळी फुगते.

हे दुसरं मी नेमबाजीच्या रेंजवर डोळ्यांनी पाहिलंय. एका नवीन मुलानं थेट प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतला होता, एका दाबात पाच कामं करणारा. मध्ये एक पुंगळी अडकली, त्यानं ती काढली, हँडल पुन्हा मारलं आणि कुठे होतो हे विसरला. रेंजवर त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून आवाज आला तो धडामचा नव्हता, फुस्सचा. तो पुढचा चाप ओढणार तेवढ्यात रेंज ऑफिसर ओरडला, "सीझ फायर!" सगळे थांबले. आमच्या क्लबातले एक निवृत्त मशिनिस्ट आजोबा पितळी सळई घेऊन आले आणि नळीतली गोळी ठोकून बाहेर काढली. तो मुलगा नंतर बाकावर बसून घाम पुसत होता. आजोबा त्याला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पन्नास भर, पण प्रत्येकात डोकावून बघ."

म्हणूनच या किटातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू म्हणजे तो साधा प्लास्टिकचा ठोकळा. अशा सिंगल स्टेज, म्हणजे एका दाबात एकच काम करणाऱ्या प्रेसवर तुम्ही पन्नास पुंगळ्यांचा घाणा एकत्र घेता. सगळ्यांचा आकार आधी, मग सगळ्यांना प्राइमर, मग सगळ्यांत दारू. दारू टाकून झाली की ठोकळ्यावर टॉर्च तिरका धरायचा आणि ओळीनं आत बघायचं. सगळ्यांची पातळी एक दिसली पाहिजे. वेगळी दिसली की ती पुंगळी रिकामी करायची, 'बहुतेक ठीक असेल' म्हणायचं नाही. टॉर्च लावल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही हा आमच्या टेबलाचा नियम आहे. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा असतो, बाकीचे कपाटात. काम संपलं की यंत्रातली दारू लगेच मूळ डब्यात परत. रात्रभर ठेवली तर सकाळी त्यात कोणती होती याची खात्री कोण देणार? बिअरचा कॅन तर सोडाच, फोनही टेबलावर नको.

प्राइमरचं हातातलं साधन उत्तम. बसलेला प्राइमर पुंगळीच्या बुडाच्या किंचित खाली गेला पाहिजे, आणि तो बोटाला जाणवतो. वर राहिला तर रिव्हॉल्व्हरचं चाक घासतं. नवऱ्यानं काही प्राइमर उलटे बसवून दाखवले, म्हणजे आतली ऐरण बाहेर. ठोकळ्यात उलट्या ठेवल्या की ते लगेच डोळ्यांत भरतात. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच, आणि प्राइमर त्यांच्या मूळ पुड्यातच ठेवायचे, काचेच्या बरणीत ओतून ठेवायचे नाहीत. एकमेकांवर आपटले तर सगळे एकदम उडू शकतात. सांडले तर झाडूसुपलीनं उचलायचे. व्हॅक्यूम क्लीनर नाही. दारूलाही नाही.

उडवलेल्या पुंगळ्या रेंजवरून गोळा करताना एक ध्यानात घ्या. अमेरिकन पुंगळीला मध्यभागी एकच भोक असतं, त्यातून डायची पिन जाऊन जुना प्राइमर ढकलते. बाहेरून आलेल्या काही लष्करी पुंगळ्यांना बारीक दोन भोकं असतात, ती बर्डन पद्धत. त्यावर पिन मारली की पिन वाकते. आत टॉर्च मारून बघायचं आणि दोन भोकं दिसली की टाकून द्यायची. गंमत म्हणजे बर्डन हा अमेरिकन, आणि अमेरिकेत चालते ती पद्धत बॉक्सर या इंग्रजाची.

चुकलेलं काडतूस सोडवायचा हातोडा किटात नाही, वेगळा घ्या. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवून कठीण जागेवर आपटलं की झटक्यानं गोळी सुटते. त्या काळात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. रात्री तळघरातल्या काँक्रीटवर ठक-ठक सुरू झाली तशी त्या जिन्यावरून म्हणाल्या, "अगं, एवढ्या रात्री नारळ कशाला फोडताय?" तेव्हापासून ते काम दुपारी.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर चाळणीचंही सांगते. टंबलरमध्ये मक्याच्या कणसाचा भुसा घालून पुंगळ्या घासतात, मग तो भुसा चाळून वेगळा करायचा असतो. नवरा स्वयंपाकघरातली पोह्यांची चाळण घेऊन गेला. त्या भुशात प्राइमरच्या काजळीतलं शिसं असतं. ती चाळण परत वर आली नाही. टंबलर गॅरेजमध्ये, झाकण लावून, चाळताना मास्क, नंतर हात साबणानं आणि मगच चहा. घरात लहान मुलं असतील तर हे सगळं दुप्पट पाळा, आणि कपाटाला कुलूप.

पैसे वाचतात का? .३०८मध्ये हो, कारण चांगल्या दर्जाचं तयार काडतूस महाग आणि पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. .३८मध्ये थोडेसे. २०२०नंतर प्राइमरचा दुष्काळ पडला होता तेव्हा तीन-चार सेंटची टिकली अनेक पटींनी विकली जात होती, आणि काही दुकानं माणशी एकच डबा द्यायची. तेव्हा बचतीचं गणित पार कोसळलं. आम्ही पैशांसाठी करत नाही. कँप पेरीच्या उन्हाळी नेमबाजी स्पर्धांना, एरी तलावाच्या काठी, १९०७पासून लोक जमतात. तिथे नवऱ्याच्या रायफलला आवडणारं काडतूस बाजारात आयतं मिळत नाही, म्हणून हा खटाटोप.

भारतात जायच्या आधी एक काम करा, कृपा करून. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरला दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, आणि 'ओहायोत चालतं' हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. आम्ही त्या बॅगा वेगळ्या रंगाच्याच घेतल्या आहेत.

ज्यांना किटचा खर्च जड वाटतो त्यांनी जुना रॉक चकर शोधावा. एखाद्या म्हाताऱ्या नेमबाजाच्या घराची आवराआवर निघते, तेव्हा असे प्रेस बऱ्यापैकी भावात मिळतात. विकत घेताना हँडल वर-खाली करून दट्ट्या बाजूला हलतो का ते बघा, डायच्या आट्यात नवा डाय हातानं फिरवून बघा, आणि गंज असला तर तो वरवरचाच आहे ना ते नखानं खरवडून बघा. बीड तडकलं असेल तर सोडून द्या. जुन्याबरोबर तराजू आणि उघडे दारूचे डबे फुकट मिळत असतील तर तराजू घ्या, तपासून वापरा. उघड्या डब्यातली दारू घेऊ नका, लेबल कितीही नवीन दिसलं तरी.